संकटाआधीचा हुकूम

पावसाळा तोंडावर आला की महाराष्ट्रातील प्रत्येक जिल्हाधिकारी कचेरीत एका जाडजूड दस्तऐवजाची उजळणी सुरू होते. नदीकाठची गावे कोणती, पाणी कोणत्या पातळीवर आले म्हणजे ती रिकामी करावयाची, माणसे कोणत्या शाळेत उतरवावयाची, नावा व मालमोटारी कोणाकडून घ्यावयाच्या, आणि या प्रत्येक कामासाठी कोणत्या हुद्द्याच्या माणसाने कोठे उभे राहावयाचे, हे सारे त्यात नमूद असते. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखडा असे रुक्ष नाव धारण करणारा हा दस्तऐवज बहुधा कोणी आवडीने वाचीत नाही. तथापि त्याचे स्वरूप नीट पाहिले तर तो संकट येण्यापूर्वीच दिलेला एक हुकूम असतो, आणि असा हुकूम आधी देऊन ठेवावा ही कल्पना राज्यकर्त्यांना सहजासहजी सुचलेली नाही. ती लक्षावधी माणसांच्या मृत्यूनंतर सुचली, म्हणून तिची कुळकथा सांगण्याजोगी आहे.

दुष्काळात रयतेला आधार द्यावा हा विचार आपल्याकडे जुनाच आहे. शेतसाऱ्यात सूट, वसुलीची तहकुबी, बी-बियाणे व बैल यांसाठी तगाई, हे उपाय मराठी अमदानीतल्या दप्तरांत जागोजाग आढळतात. परंतु सूट किती द्यावयाची, केव्हा द्यावयाची आणि द्यावयाची की नाही, हे धन्याच्या मर्जीवर किंवा अंमलदाराच्या अंतःकरणावर अवलंबून असे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्राने शतकानुशतके हृदयाशी धरली, ती त्यांच्या भूतदयेसाठी. बिदरच्या बादशहाची परवानगी न घेता त्यांनी सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, बादशहाचा कोप ओढवून घेतला, आणि अखेर विठू महाराच्या रूपाने प्रत्यक्ष पांडुरंगाला रकमेचा भरणा करावा लागला, असे ती कथा सांगते. भक्ताच्या दृष्टीने तीत ईश्वराची कृपा आहे. कारभाराच्या दृष्टीने पाहणाऱ्याला मात्र तीत एक भयंकर उणीव दिसते. कोठार उघडण्याचा अधिकार ज्याच्यापाशी असावयास हवा होता त्याच्यापाशी तो नव्हता, आणि ते उघडणे हा सरकारच्या लेखी गुन्हा होता.

ही उणीव इंग्रजी अंमलातही तशीच राहिली, हे एकाच अधिकाऱ्याच्या दोन कारकिर्दी शेजारी ठेवल्या म्हणजे स्पष्ट होते. 1873-74 साली बिहारात अवर्षण पडले तेव्हा सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून सुमारे पाच लाख टन तांदूळ आणवला आणि भूकबळी जवळजवळ टाळले; पण त्यासाठी झालेला खर्च ही उधळपट्टी होय असा त्यांच्यावर ठपका आला. पुढे 1877 साली दख्खन व मद्रास इलाख्यांत महादुष्काळ पसरला असता त्याच टेंपलसाहेबांना पाहणीसाठी धाडण्यात आले, आणि या वेळी काटकसरीचा निश्चय करून आलेल्या या गृहस्थांनी दुष्काळी कामावरील मजुराचे धान्य दिवसाला अवघ्या एका पौंडावर, म्हणजे अर्ध्या किलोहूनही खाली आणले. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडून या मजुरीचा निषेध केला; पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला अर्जांमागून अर्ज पाठविले. 1876 ते 78 या काळात ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली. अधिकारी तोच, सरकार तेच, आणि तरी एका प्रांतात माणसे जगली व दुसऱ्यात मेली, याचा अर्थ मदत ही कलकत्त्याच्या त्या त्या वर्षीच्या मनःस्थितीवर विसंबलेली होती.

सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली 1878 साली नेमलेल्या दुष्काळ आयोगाने 1880 साली आपला अहवाल दिला, त्यावरून 1883 साली हिंदुस्थान सरकारचा दुष्काळ संहितेचा मसुदा निघाला आणि प्रांतोप्रांती तिच्या आवृत्त्या तयार झाल्या. परकीय सत्तेने केलेल्या कायदेकानूंविषयी आपल्या मनात आदर असण्याचे कारण नाही, आणि या संहितेतही भुकेल्याला आधी कामाची कसोटी लावण्याचा कठोरपणा होताच. परंतु तिच्या रचनेतील बुद्धी मान्य केलीच पाहिजे. संहितेने पहिली गोष्ट अशी केली की संकटाची लक्षणे आगाऊ ठरवून टाकली: धान्याचे भाव चढणे, माणसांची निरुद्देश भटकंती, चोऱ्यांचे वाढते प्रमाण ही चिन्हे दिसू लागली की वरिष्ठांना इतला गेलीच पाहिजे. दुसरी गोष्ट, प्रत्येक जिल्ह्याने तळी, रस्ते, कालवे अशा कामांची यादी सुकाळातच करून ठेवावयाची, म्हणजे काम शोधण्यात दिवस जाणार नाहीत. तिसरी, मजुरीचा दर धान्याच्या बाजारभावाला बांधावयाचा. आणि चौथी, जी मला सर्वांत मोलाची वाटते, ती मनुष्यबळाची: जिल्ह्याचे मंडळवार भाग पाडावयाचे, प्रत्येक मंडळावर एक अधिकारी नेमावयाचा, त्याने गावोगाव फिरून पाहणी करावयाची, आणि जे वृद्ध, पंगू, लेकुरवाळ्या स्त्रिया कामावर जाऊ शकत नाहीत त्यांच्या याद्या गावकामगारांकडून करवून त्यांना बिनकामाची मदत पोचवावयाची. दयेचे रूपांतर येथे प्रथमच कर्तव्यात झाले, आणि ते कर्तव्य कोणाचे हेही कागदावर आले.

कागदावर आलेला हुकूम लोकांच्याही हाती पडला म्हणजे त्याची शक्ती किती वाढते, हे लोकमान्य टिळकांनी 1896-97 च्या दुष्काळात दाखवून दिले. संहितेतील कलमे मराठीत छापून ती रयतेत वाटण्यात आली, ‘केसरी’तून ती समजावून सांगण्यात आली, आणि सार्वजनिक सभेची माणसे खेडोपाडी जाऊन शेतकऱ्याला सांगू लागली की सूट व काम हा तुझा लेखी हक्क आहे. सरकारने 1897 साली सभेची मान्यता काढून घेतली. आपत्तीच्या आराखड्याचा लोकांनी केलेला हा एक आरंभीचा जाहीर वापर, आणि तो महाराष्ट्रात झाला, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटला पाहिजे.

संहितेला एक मर्मस्थान होते. तिची कलमे दुष्काळ जाहीर झाल्यावरच लागू होत, आणि जाहीर करणे सरकारच्या हाती होते. 1943 साली बंगालमध्ये सरकारने दुष्काळ जाहीर केलाच नाही, संहिता दप्तरात पडून राहिली, आणि लाखो माणसे कलकत्त्याच्या रस्त्यांवर व खेड्यांच्या वाटांवर मेली. उलट 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्र सरकारने कामे काढण्यात हात आखडला नाही. 1973 च्या मे महिन्यात या कामांवरील मजुरांची संख्या जवळजवळ पन्नास लाखांपर्यंत गेली, आणि त्याच अनुभवाच्या पायावर रोजगार हमीचा कायदा उभा राहिला.

या साऱ्या यंत्रणेचे शेवटचे टोक गावात होते. जुन्या काळी पाटील, कुलकर्णी आणि वतनदार महार ही ती त्रयी. नदी चढली, साथ आली, धरणाच्या बांधाला भेग गेली, तर रात्री-अपरात्री सांगावा घेऊन धावणारा माणूस बहुधा महार असे, आणि त्या धावपळीचा मोबदला म्हणजे तुटपुंजे वतन व वेठ. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनी चाकरीच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडून या वेठीविरुद्ध आवाज उठविला. स्वातंत्र्यानंतर 1950 च्या कायद्याने कुलकर्णी वतन गेले, 1958 च्या कायद्याने महार वतन गेले, आणि त्यांच्या जागी तलाठी व कोतवाल आले. पोलीस पाटलाची नेमणूक 1967 च्या कायद्याने होऊ लागली. वतने गेली हे योग्यच झाले. मात्र वतनदार गावातच राहत असे, तलाठ्याकडे अनेक गावांचा सजा आला, आणि पुराच्या रात्री तो कोणत्या गावी असेल हा प्रश्न तेव्हापासून निर्माण झाला.

दुष्काळ महिनोन्महिने चालून येतो. धरणफुटी, भूकंप आणि चक्रीवादळ तेवढी सवड देत नाहीत. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचेही बांध खचले आणि मुठेचे पाणी पुण्यात शिरले. पानशेतच्या बांधावर जवानांनी रात्रभर रचलेल्या वाळूच्या पोत्यांमुळे पूर दिवसाउजेडी आला, म्हणून असंख्य जीव वाचले, पण शहर रिकामे कसे करावयाचे याची तजवीज कोणत्याही कागदावर नव्हती. 1967 च्या डिसेंबरात कोयनानगर हादरले. आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेशविसर्जन करून लोक झोपी गेले असताना, किल्लारी-सास्तूरच्या परिसरात धरणी कापली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली सुमारे आठ हजार माणसे दडपली गेली. सरकार त्या दिवशी सकाळीच घटनास्थळी पोचले, लष्कर आले, सारा महाराष्ट्र मदतीला धावला; परंतु त्याच धावण्याने अरुंद रस्ते वाहनांनी व बघ्यांनी तुंबले, कपड्यांचे ढीग पडले आणि ढिगाऱ्याखालचे माणूस काढण्याचे साधन मात्र मागेच राहिले. सद्भावनेलाही आधी वाटा आखून द्याव्या लागतात, हा धडा येथे मिळाला. पुनर्वसनाच्या त्या प्रचंड कार्यातूनच मंत्रालयात राज्याचा नियंत्रण कक्ष उभा राहिला आणि जिल्ह्याजिल्ह्यांचे आराखडे लिहिले जाऊ लागले; या बाबतीत महाराष्ट्र इतर राज्यांच्या पुढे होता.

आजच्या आराखड्यात दुसऱ्या एका कुळाचेही रक्त आहे, आणि ते थेट कॅलिफोर्नियातून आलेले आहे. 1970 च्या शरदात तेथे तेरा दिवस वणवे पेटले. विझविणाऱ्यांची संख्या कमी नव्हती; पण निरनिराळ्या खात्यांच्या संज्ञा वेगळ्या, बिनतारी संदेशाच्या लहरी वेगळ्या, आणि कोणी कोणाचा हुकूम मानावयाचा हे अनिश्चित. त्यातून जी पद्धती जन्मली तिचा नियम साधा आहे: घटनास्थळी एकच प्रमुख, आणि कोणाही एका माणसाच्या हाताखाली थेट पाचांच्या आसपासच माणसे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2010 साली हीच पद्धती भारतीय कारभाराच्या साच्यात बसवून दिली.

तत्पूर्वी 1999 च्या ऑक्टोबरात ओडिशावर महाचक्रीवादळ कोसळून सुमारे दहा हजार माणसे दगावली होती. त्या राज्याने त्याच वर्षी स्वतंत्र प्राधिकरण स्थापले, किनाऱ्यावर निवारे बांधले, प्रत्येक निवाऱ्याची गावसमिती नेमली आणि दरवर्षी सराव चालू ठेवला. 2013 साली फायलिन वादळ आले तेव्हा सुमारे दहा लाख माणसे वेळेत हलविली गेली आणि मृत्यूंची संख्या काही डझनांवर थांबली. गुजरातचा भूकंप आणि 2004 ची त्सुनामी यांनंतर, मुंबई 26 जुलैच्या 944 मिलिमीटर पावसात बुडाली त्याच 2005 साली, आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचा लोकनियुक्त प्रमुख सहअध्यक्ष अशी रचना त्याने केली, वाहने व इमारती ताब्यात घेण्याचा अधिकार दिला, आणि नेमलेले काम विनापरवाना सोडणाऱ्या अंमलदाराला एक वर्षापर्यंत कैद सांगितली. दामाजीपंतांचा अपराध हुकमाविना कोठार उघडण्याचा होता. या कायद्यापुढे अपराधी ठरतो तो नेमलेली जागा सोडून जाणारा.

याच कायद्याने राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे केले. केंद्रीय सशस्त्र दलांतून प्रतिनियुक्तीवर घेतलेले हे जवान कसलेले असतात, त्यांची एक तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. परंतु सह्याद्रीच्या कुशीतील वाडीवर दरड कोसळली तर तेथे पोचावयास त्यांनाही काही तास लागणारच. 2014 साली माळीण गाव डोंगराखाली गाडले गेल्याची वार्ता बाहेर आणली ती एस. टी. बसच्या चालकाने. 2019 च्या पुरात ब्रह्मनाळला नाव उलटली, कारण तीत पेलवेल त्याहून अधिक माणसे चढली होती. पहिल्या घटकांत जे काही होते ते तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, कोतवाल आणि गावची तरुण मंडळी यांच्याकडूनच होते. म्हणून नदीकाठच्या सजाचे तलाठ्याचे पद रिकामे ठेवणे आणि ‘अतिरिक्त कार्यभार’ या शब्दांनी ते झाकणे, हा माझ्या मते धरणाच्या भिंतीतील भेगेइतकाच धोका आहे आणि तो तितक्याच तातडीने बुजविला गेला पाहिजे.

जिल्हा आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करावा असे कायदाच सांगतो. वाचकांना माझी विनंती आहे की पावसाळ्यापूर्वी एकदा ग्रामपंचायतीत किंवा तहसील कचेरीत जावे, आपल्या गावाचे पान मागून घ्यावे, त्यावरील नावे मोठ्याने वाचावीत, दिलेले दूरध्वनी लागतात का ते पाहावे, आणि जेथे पदापुढे नाव नसेल किंवा बदलून गेलेल्या माणसाचे नाव असेल तेथे तहसीलदारांना लेखी कळवून त्याची पोच घ्यावी.