पटाची चाकोरी

बैलजोड्यांच्या शर्यतीला विदर्भात शंकरपट म्हणतात; गोंदिया-भंडाऱ्यापासून हट्टा-बालाघाटापर्यंतच्या धानपट्ट्यात नुसते ‘पट’ म्हटले तरी पुरते. धान निघून बांध्या मोकळ्या झाल्या की पटाचे दिवस सुरू होतात. दिवसा पट आणि रात्री त्याच गावात नाटक किंवा दंडार हे लोकनाट्य, ही या धानपट्ट्याची म्हणजे झाडीपट्टीची जुनी जोडी आहे.

हट्टा आज मध्य प्रदेशात असले, तरी हा मुलूख १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे भाग जोडून बालाघाट जिल्हा झाला तो १८६७ मध्ये. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. बैलांना मात्र ही सीमा माहीत नव्हती. वर्धा-नागपूरपासून छिंदवाडा, शिवनी, बालाघाटापर्यंत पसरलेली गवळाऊ जात चपळ चालीसाठी प्रसिद्ध आहे. मराठ्यांनी डोंगराळ भागातल्या जलद वाहतुकीसाठी ती जोपासली, असे सांगितले जाते. पटाचा बैल हा त्या गरजेचा वारस मानायला हरकत नाही.

पटातले कौशल्य कशात आहे, हे मोटारींच्या शर्यतीशी ताडून पाहिले की कळते. मोटारींच्या ऑटोक्रॉसमध्ये मैदानावर शंकू मांडून वळणे आखतात आणि चालक आधी पायी फिरून आपली वाट ठरवतो. वळणात बाहेरून आत शिरून पुन्हा बाहेर निघाले की वर्तुळ मोठे होते आणि वेग कमी मोडतो. पटात वाट शोधावी लागत नाही. ती सरळ आणि आधीच आखलेली असते. प्रश्न असतो ती न सोडण्याचा. एक बैल दुसऱ्यापेक्षा जरासा मागे पडला की छकडी म्हणजे शर्यतीची हलकी गाडी त्याच्या अंगाला ओढली जाते, चाक चाकोरीबाहेर घासते आणि तिथेच वेळ जातो. म्हणून बैल नुसता वेगवान असून भागत नाही. तो डाव्या खांद्याचा की उजव्या, आणि जूखाली त्याची चाल कुणाशी जुळते, हे पाहून जोडी लावतात. धुरकऱ्याने म्हणजे जोडी हाकणाऱ्याने कासरा एका बाजूला अंमळ जास्त ताणला तरी बैलांचे डोके वळते. चांगल्या धुरकऱ्याचे हात त्यामुळे जवळजवळ स्थिर दिसतात.

हाच प्रश्न इतरत्र वेगळ्या रीतीने सोडवला गेला. सातारा-सांगलीकडे प्रत्येक गाडीला वेगळे ‘तास’ म्हणजे धावण्याची पट्टी नेमून दिलेली असते. खेड, जुन्नर, आंबेगावच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढत्या वाटेवर, तर गाडीवान वरपर्यंत नसतोच; पुढे धावणारी स्वार असलेली घोडी बैलांना वाट दाखवते. ही युक्ती सगळ्यांत चतुर म्हणावी लागेल.

११ जुलै २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेने बैलांचे प्रदर्शन आणि खेळांसाठीचे प्रशिक्षण थांबवले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. तिचा अंमल महाराष्ट्रापुरता. बाघ नदीपलीकडच्या बालाघाटाला ती लागू नाही. तिच्याखालच्या नियमांत चाबूक आणि काठी वर्ज्य आहेत. धुरकऱ्याच्या हाती आता कासरा आणि आवाज एवढेच उरले असून जोडी सरळ पळवण्याचे बरेचसे काम शर्यतीआधीच्या सरावात उरकावे लागते.