सुनीती नामजोशी : एक स्वहस्ते लिहिलेला कागद

धुळ्यास इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाने १९२७ साली स्थापन झालेले संशोधन मंडळ आहे. अशा गावी वावरलेल्या मनुष्यास कागद पाहिल्यावाचून विधान न करण्याची सवय जडते. आम्हांसही ती जडलेली आहे. परंतु जुन्या दप्तरांत स्त्रिया भेटतात त्या बहुधा कोणाच्या तरी कन्या, पत्नी वा माता म्हणून. दोन स्त्रियांनी परस्परांवर प्रेम करून आयुष्य एकत्र काढले, असे सांगणारा कागद तेथे सापडणे दुर्घट. तो सापडत नाही म्हणून तशा स्त्रियाच नव्हत्या, हे अनुमान मात्र कोणत्याही शिस्तीत बसत नाही. म्हणूनच ज्यांनी हा कागद स्वतःच लिहून ठेवला, त्या सुनीती नामजोशी यांचे चरित्र आम्हांस विशेष मोलाचे वाटते.

सुनीतीबाईंचा जन्म १९४१ साली मुंबईस झाला. मातुल घराणे फलटणच्या नाईक-निंबाळकरांचे. वडील वैमानिक होते. १९५३ साली विमान अपघातात त्यांचा अंत झाला. पुणे विद्यापीठातून इंग्रजी घेऊन एम. ए. झाल्यावर १९६४ साली त्या भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाल्या. आमच्या मध्यमवर्गात ज्या नोकरीसाठी नवस बोलले जातात, ती त्यांनी १९६९ साली सोडली आणि कॅनडात मॅकगिल विद्यापीठात एझरा पाउंडच्या काव्यावर प्रबंध लिहिला. १९७२ पासून सुमारे पंधरा वर्षे त्या टोरंटो विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवीत होत्या.

त्यांचे मराठीशी नाते केवळ आडनावापुरते नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे. मातुःश्री सरोजिनीबाईंच्या सहकार्याने त्यांनी गोविंदाग्रजांच्या कवितांचे इंग्रजी भाषांतर केले व ते १९६८ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाले. गोविंदाग्रज म्हणजे आमच्या धरणगावच्या बालकवींचे स्नेही. प्रेमाचा शाहीर म्हणून ज्यांस महाराष्ट्राने डोक्यावर घेतले, त्यांच्या कवितेवर या बाईंनी उमेदवारी केली. पण त्या प्रेमकाव्यात बोलणारा पुरुष आणि ऐकणारी स्त्री! दोन्ही स्त्रियाच असतील तर त्या कवितेने कोठून बोलावे?

१९७८-७९ साली रजेवर असताना त्यांनी इंग्लंडात वास्तव्य केले. तेथील स्त्रीवादी चळवळीचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला, आणि १९८१ साली लंडनच्या एका स्त्रीवादी प्रकाशनसंस्थेने त्यांच्या बोधकथांचे पुस्तक काढले. विष्णुशर्म्याने पशुपक्ष्यांच्या तोंडून राजपुत्रांस नीती शिकविली. बाईंनी तेच पंचतंत्र आणि तोच ईसाप घेऊन राजपुत्रांऐवजी राजकन्यांची बाजू मांडली. पुढे १९८५ सालच्या एका पुस्तकात तर भद्रावती नावाची ब्राह्मण गाय अवतरते. ती लेस्बियन आहे आणि सुनीती नावाच्याच नायिकेशी वाद घालते! हे वाचून कोणी सनातनी गृहस्थ रागावतील. आम्ही मात्र मनमुराद हसलो. ज्या संस्कृतीत माणूस पुढल्या जन्मी गाय होऊ शकतो, तेथे गायीने बोलण्यात नवल कसले?

आता एक योगायोग पाहा. त्याच १९८१ साली विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आले. त्यातील नायिका सुमित्रा स्त्रीवर प्रेम करणारी कॉलेजची विद्यार्थिनी. नाटककाराची सहानुभूती निःसंशय; विषय मराठी प्रेक्षकांपुढे आणण्याचे धैर्यही मोठे. तथापि तिची गोष्ट सांगतो तो बापू हा तिचा पुरुष मित्र, आणि गोष्टीचा शेवट तिच्या आत्मघाताने होतो. मराठी वाचकाच्या ध्यानी राहिली ती हीच स्त्री. दूरदेशी दुसरी एक स्त्री त्याच वेळी जगत होती, शिकवीत होती, विनोद करीत होती. तिची वार्ता आमच्यापर्यंत फार उशिरा पोहोचली. ती इंग्रजीत लिहीत होती हे कारण खरे, पण अपुरे. इंग्रजी आम्हांस येत होते.

१९८४ साली लंडनच्या स्त्रीवादी ग्रंथमेळाव्यात त्यांची ऑस्ट्रेलियन कवयित्री गिलियन हॅन्सकोम्ब यांच्याशी भेट झाली. १९८६ साली दोघींचा संयुक्त काव्यसंग्रह निघाला आणि पुढे दोघींनी इंग्लंडातील डेव्हन परगण्यात घर केले. २००० सालच्या आत्मकथनात्मक ‘गोजा’ या पुस्तकात बाई परत फलटणच्या वाड्यात येतात. तेथे राणी असलेली आजी आणि घरातील मोलकरीण गोजा, या दोघींपुढे त्या उभ्या राहतात. स्वतःवर झालेल्या अन्यायाची दाद मागणारी ही लेखिका येथे स्वतःच्या वर्गास आरोपी करते. आमच्या मते त्यांच्या ग्रंथांत हा सर्वांत अवघड आणि सर्वांत प्रामाणिक.

काही वर्षांपूर्वी जळगावी पदवीच्या वर्गात आम्ही या बाईंच्या बोधकथा शिकविल्या. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ही गिलियन त्यांची कोण?” आम्ही “मैत्रीण” म्हणून पान उलटले. कागदात स्पष्ट लिहिलेले आम्ही वर्गात झाकले. दप्तरखान्यात कोणी असे केले असते तर आम्ही त्याला कारकुनीसही ठेवले नसते. पुढल्या तासाला आम्ही उत्तर दुरुस्त केले. वर्ग क्षणभर शांत राहिला. मग त्याच मुलीने ‘गोजा’ची प्रत वाचावयास मागितली.