केडगावच्या पाळकबाई

५ एप्रिल १९२२ रोजी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाई वारल्या. वयाची चौसष्ट वर्षे पुरी व्हायला अवघे अठरा दिवस उरले होते. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा आदल्या वर्षीच्या जुलैत गेली होती. तेव्हा पोटचे असे त्यांच्या मागे कोणीच नव्हते. तरी त्या दिवशी केडगावच्या माळावर शेकडो बायामुली पोरक्या झाल्या.

ख्रिस्ती समाजात मंडळीची जबाबदारी वाहणाऱ्या धर्मगुरूला 'पाळक' म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो. त्यात अधिकारापेक्षा सांभाळ जास्त आहे. रमाबाईंना ही पदवी कोणी दिली नाही; त्या काळी आपल्याकडे स्त्रीला पाळकपदाची दीक्षा मिळतच नसे. पण शेकडो जिवांच्या जेवणाची, शाळेची, आजारपणाची आणि प्रार्थनेची काळजी जी बाई रोज वाहते, तिला दुसरे काय म्हणावे?

आम्हां भंडाऱ्याकडच्या माणसांना या बाईची आठवण ठेवायला आणखी एक कारण आहे. आमचा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता. वैनगंगेचे खोरे, गावोगावी तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या. पाऊस वेळेवर आला तर घरात तांदूळ, नाही आला तर काहीच नाही. १८९६ साली पावसाने ऑगस्ट सरता सरता पाठ फिरवली. धान निसवण्याच्या ऐन दिवसांत बांध्या कोरड्या पडल्या. पुढल्या वर्षी प्रांतभर दुष्काळ माजला. त्यातून माणसे सावरतात न सावरतात तोच १८९९ मध्ये पावसाने पुन्हा दगा दिला. १८९१ च्या शिरगणतीत भंडारा जिल्ह्यात सुमारे ७ लाख ४३ हजार माणसे होती. १९०१ मध्ये ती ६ लाख ६३ हजार भरली. आजचा गोंदिया जिल्हा त्यात धरलेला आहे. दहा वर्षांत लोकसंख्या वाढायची ती ऐंशी हजारांनी घटली! मेलेले किती आणि देशोधडीला लागलेले किती, हे त्या आकड्यात वेगळे दिसत नाही.

मध्यप्रांतातल्या या हलाखीची बातमी पुण्यास पोचली, तेव्हा रमाबाई तिथे शारदा सदन चालवीत होत्या. हाताशी पैसा बेताचा, सदन आधीच भरलेले. एखाद्याने हळहळून चार रुपये पाठवले असते. रमाबाई स्वतः निघाल्या. त्यामागचे कारण शोधायला त्यांच्या बाळपणात जावे लागते.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान चित्पावन ब्राह्मण. त्यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवले, लोकांचा रोष पत्करला आणि गंगामूळच्या रानात जाऊन बिऱ्हाड थाटले. त्याच रानात १८५८ मध्ये रमाबाईंचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडू लागले. दक्षिणेत दुष्काळ पडला तसे पुराण ऐकणारे कमी झाले आणि दक्षिणा देणारे त्याहून कमी. मोलमजुरी करायची तर विद्येचा नि जातीचा अभिमान आड येई. शेवटी रानातला पाला खाऊन दिवस काढायची पाळी आली. वडील गेले, थोड्याच दिवसांत आई गेली, मग थोरली बहीण. आईला खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोघे ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथ्या रमाबाई. त्या उंचीने लहान. तिरडीचे टोक खांद्यावर घेतले तर ती कलती. म्हणून ते त्यांनी डोक्यावर घेतले.

ज्या मुलीने हे ओझे वाहिले, तिला दुष्काळ म्हणजे काय हे वर्तमानपत्राने सांगावे लागत नव्हते.

आता थोडे मागे जाऊ, म्हणजे रमाबाई त्या वेळी किती एकट्या होत्या हे ध्यानात येईल. १८७८ साली बहीणभाऊ हिंडत हिंडत कलकत्त्यास पोचले. तिथल्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन 'पंडिता' नि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. वीस वर्षांच्या मुलीला! पुढे भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी आपखुशीने लग्न केले, तोही दोन वर्षांच्या आत पटकीने गेला. तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या १८८२ मध्ये पुण्यास आल्या. आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली. पुणेकर सुधारकांना केवढे कौतुक! दुसऱ्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कौतुक आटले. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार' लिहून त्यांची बाजू घेतली, पण तशी माणसे थोडी.

बाप्तिस्मा घेऊन त्या इंग्रजांच्या मुठीत गेल्या असे ज्यांना वाटे त्यांनी वाँटेजच्या जोगिणींना विचारायला हवे होते. रमाबाई तिथेही शाकाहारीच राहिल्या. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असा त्यांनी वाद घातला. मुलग्यांना त्यांनी शिकवू नये, असे बिशपमंडळींनी सुचवले. आपल्या देशात आपण पुरुषांच्या सभांतून बोलत आलो, इथे ती मुभा का नाही, हा त्यांचा प्रश्न होता. श्रद्धेच्या बाबतीतही, मला पटल्याशिवाय मान डोलावणार नाही, हा त्यांचा बाणा. अनंतशास्त्र्यांची लेक ती! अशा शिष्येला सांभाळताना त्या गुरुभगिनींची काय तारांबळ उडाली असेल याची मला कधी कधी गंमत वाटते.

तिथून अमेरिका. दूरच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या, त्या पदवीदानाला रमाबाई हजर होत्या. अमेरिकनांनी दिलेल्या मदतीवर १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन निघाले, पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. तिथे दाखल झालेली पहिली विधवा म्हणजे गोदूबाई. पुढे त्याच धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे झाल्या. हिंगण्याच्या कार्याची एक मुळी शारदा सदनाच्या अंगणात रुजलेली आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

सदनात धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती व्हायची नाही असे ठरले होते. पण रमाबाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत आणि काही मुली आपण होऊन तिथे जाऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये त्यावरून वादळ उठले. 'केसरी'ने झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. मला विचाराल तर यात सारा दोष एका बाजूचा नव्हता. दिलेला शब्द निधर्मी शिक्षणाचा होता, आणि लहान विधवा मुलीला ज्या बाईने आसरा दिला त्या बाईचा देव गोड वाटायचाच. रानड्यांसारख्या सरळ माणसाला बोच लागली असेल तर नवल नाही. पण दार बंद करून प्रार्थना करा, असे कोणत्या श्रद्धावंताला सांगायचे? भांडण खरे होते, म्हणूनच ते मिटले नाही.

तीन-चार वर्षांनी दुष्काळ आला आणि या भांडणाच्या पलीकडले काहीतरी रमाबाईंना दिसले. शारदा सदन मुख्यतः वरच्या जातींच्या विधवांसाठी होते. तिथे सोवळेओवळे सांभाळले जाई. मध्यप्रांतातल्या रस्त्यांवर जातीची चौकशी करायला वेळ नव्हता. दुष्काळी छावण्यांत एकट्या पोरींवर काय प्रसंग येतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि लिहूनही ठेवले. सुमारे तीनशे मुली नि बाया त्यांनी सोडवून आणल्या. हाडांचे सापळे, अंगावर खरूज, कोणाचे गाव ठाऊक तर कोणाचे तेही नाही. पुण्यात तोवर प्लेग शिरला होता, नव्या मुली ठेवून घ्यायला सरकारी मनाई झाली. तेव्हा केडगावला घेतलेल्या जमिनीवर तंबू नि झोपड्या टाकून ही सारी पलटण तिकडे नेण्यात आली. १८९८ मध्ये तिथे 'मुक्ती'च्या इमारतींचे अर्पण झाले. प्लेगच्या इस्पितळांत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर याच बाईने १८९७ मध्ये वर्तमानपत्रातून सरकारला धारेवर धरले होते, हेही इथे नोंदवतो. तिला साहेबांची बाहुली म्हणणाऱ्यांनी ते पत्र वाचले असावे असे वाटत नाही.

१९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीतील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या गेल्या. शेती, गोठा, तेलाचा घाणा, माग, शिवण, छापखाना ही सारी कामे बायकाच चालवीत. आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन, फसवल्या गेलेल्या बायांसाठी कृपा सदन. मनोरमेने ब्रेल लिपी शिकून घेतली आणि आंधळ्या मुली बोटांनी वाचू लागल्या.

मृत्यूनंतर मोठ्या माणसांचे जे व्हायचे ते रमाबाईंचेही झाले. मुंबईच्या सभेत सरोजिनी नायडूंनी हिंदू संतांच्या मालिकेत जागा मिळवणारी पहिली ख्रिस्ती अशा अर्थाचे उद्गार काढले. इंग्लंडच्या चर्चच्या पंचांगात ३० एप्रिल हा त्यांच्या स्मरणाचा दिवस आहे. १९८९ मध्ये आपल्या सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला 'मेधावी' हे नाव आहे. आनंदीबाई जोशींच्या नावाचेही एक विवर तिथेच आहे. फिलाडेल्फियाच्या त्या सभागृहात बसलेल्या दोघी मराठी बाया आकाशात पुन्हा शेजारणी झाल्या म्हणायच्या! केडगावचे मुक्ती मिशन तर आजही चालू आहे.

पण अखेरच्या वर्षांत रमाबाईंचा जीव अडकला होता तो एका पुस्तकात. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले होते. भाषांतर आधी नव्हते असे नाही. होते, पण त्यातली संस्कृतप्रचुर मराठी मुक्तीतल्या मुलींना कळेना. मध्यप्रांतातून आलेली पोर आपली बोली बोलायची, गुजरातेतली आपली. त्यांना पुस्तकी मराठी म्हणजे परकीच भाषा.

इथे माझ्यातला मास्तर जागा होतो. आमच्या झाडीपट्टीत पोर शाळेत येते ते 'पानी' नि 'डोरा' म्हणत येते. पुस्तकात 'पाणी' नि 'डोळा' असतो, आणि दोन पाने पुढे 'जलाशय' नि 'नेत्र' येऊन बसतात. पोर गप्प होते. वर्गातली ती शांतता पुष्कळांना शिस्त वाटते! ती शिस्त नव्हे हे रमाबाईंनी ओळखले. जिला अठरा हजार श्लोकांचे भागवत तोंडपाठ, जिच्या संस्कृतापुढे कलकत्त्याचे पंडित थक्क झाले, ती बाई आपल्या मराठीतला एक एक जड संस्कृत शब्द वेचून बाजूला ठेवीत बसली. कोणासाठी? जिला नुकते अक्षर लागले आहे अशा, उकिरड्यावरचे दाणे वेचून जगलेल्या पोरीसाठी. रमाबाईंना ऐकू कमी येई, प्रकृती ढासळत चाललेली. तरी हे काम वर्षानुवर्षे चालले. मनोरमा गेल्यावरही थांबले नाही. शेवटची मुद्रिते तपासून हातावेगळी केली आणि मगच बाईंनी डोळे मिटले, अशी आठवण मुक्तीत सांगतात.

ते भाषांतर चर्चमधून पुढे फारसे रूढ झाले नाही. सबंध ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. खिळे जुळवणे, छापणे ही कामे मुक्तीतल्या बायामुलींच्याच हातची. १८९७ मध्ये मध्यप्रांतातून आलेल्या दहा-बारा वर्षांच्या पोरी तोवर चाळिशीला टेकल्या होत्या.