महाद्वारासमोरील समाधी

ज्या समाजात देहाला अग्नी देण्याची आणि अस्थी प्रवाहात सोडण्याची रूढी प्रबळ आहे, तेथे मृताचे स्मरण तिथीच्या आधाराने टिकते. स्थळाच्या आधाराने सहसा नाही. या नियमाला महाराष्ट्रात जे ठळक अपवाद आढळतात, त्यांत रणात पडलेल्यांचे वीरगळ आणि संतांच्या समाध्या यांची गणना करावी लागेल. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोरील चोखामेळ्याची समाधी हा मात्र अपवादातलाही अपवाद होय.

परंपरा सांगते की, मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता ते ढासळले आणि इतर मजुरांसह चोखोबा त्याखाली गाडले गेले. ते वर्ष शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८, असे मानतात. ज्यांनी कुसाबाहेर राहायचे, त्यांनीच ते कूस बांधायचे, अशी त्या व्यवस्थेची रीत होती. पुढे नामदेवांनी ढिगाऱ्यातून अस्थी वेचल्या. ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू येई त्या चोखोबांच्या, ही खूण. चमत्कार म्हणून ही कथा बाजूस सारता येईल. पण सरमिसळ झालेल्या हाडांना त्यांचे नाव परत मिळावे, ही तिच्यामागील गरज खरी आहे. इतर मजुरांची नावे मात्र कथेत येत नाहीत.

समाधीजवळच नामदेवांची पायरी आहे. संतांची पायधूळ आपल्याला लागावी म्हणून ते तेथे विसावले, अशी श्रद्धा आहे. वारकरी त्या पायरीवर पाय ठेवीत नाहीत, माथा टेकवतात. ज्याने पाय मागितले, त्याला माथे मिळाले. चोखोबांच्या वाट्याला आलेला मान याहून वेगळा. त्यांच्या समाधीपुढे वाकणारा समाज सहा शतके त्यांच्याच जातिबांधवांना त्या दारातून परतवीत राहिला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केले, तेव्हा कुठे ते दार त्यांच्यासाठी उघडले.

१९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘दि अनटचेबल्स’ हा ग्रंथ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. तमिळ, हिंदी आणि मराठी अशा तीन भाषाप्रदेशांतील संत तेथे एका पानावर शेजारी आले. दगडाच्या समाधीला फूल वाहणे सोपे असते. ही अर्पणपत्रिका मात्र वाचकाला फुलावर सुटू देत नाही. मृताला दिलेला मान त्याच्या माणसांपर्यंत पोचला का, हे ती विचारते.