नोंद आणि निवड : जी. आर. ई.च्या गुणांकांचा इतिहास

अमेरिकेतील विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या ‘ग्रॅज्युएट रेकॉर्ड एक्झामिनेशन’ अथवा जी. आर. ई. या परीक्षेच्या नावात ‘रेकॉर्ड’, म्हणजे नोंद, असा शब्द आहे. याच परीक्षेचे गुणांक पाठविण्याची जी पद्धत २०१२ साली सुरू झाली, तिच्या ‘स्कोअरसिलेक्ट’ या नावात ‘सिलेक्ट’, म्हणजे निवड, असा शब्द आहे. या दोन नावांमध्ये सुमारे पाऊणशे वर्षांचे अंतर आहे. आणि गुणांकावर अधिकार कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर त्या अवधीत पालटले आहे. त्या पालटाचा मागोवा घेणे, व गुणांकांची निवड विद्यार्थ्याने कोणत्या तत्त्वावर करावी हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

या परीक्षेचा उपक्रम १९३६ साली कार्नेगी फौंडेशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ टीचिंग ही संस्था व हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया या चार विद्यापीठांचे पदव्युत्तर शाखांचे अधिष्ठाते यांनी मिळून हाती घेतला. देशातील महाविद्यालयांची संख्या व विविधता वाढली होती. एका महाविद्यालयातील उत्तम श्रेणी व दुसऱ्यातील उत्तम श्रेणी यांचे मोल एकच आहे, असे मानण्यास आधार उरला नव्हता. १९३७ च्या ऑक्टोबरात पहिली चाचणी झाली ती या विद्यापीठांत अगोदरच दाखल झालेल्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या अवस्थेत गुणांक हे संशोधकांचे साधन होते. विद्यार्थ्याने त्यांतून काही निवडावे, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

१९४७ च्या डिसेंबरात एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही संस्था स्थापन झाली व १९४८ पासून ही परीक्षा तिच्याकडे आली. येथून गुणांक हा प्रवेशाचा दस्तऐवज बनला. तो संस्थेकडून थेट विद्यापीठाकडे जाई. मध्ये विद्यार्थ्याचा हात लागू नये, यातच त्याची विश्वसनीयता मानली जाई. पुढे पाच वर्षांच्या मुदतीतील सर्व प्रयत्नांचे गुणांक एकत्र पाठविण्याचा नियम होता. एखाद्या दिवशी प्रकृती बिघडून परीक्षा वाईट गेली, तरी ती नोंद पुढील प्रत्येक अहवालात दिसे. न्यायालयातील साक्षीप्रमाणे ती एकदा दिली की मागे घेता येत नसे.

या व्यवस्थेला पहिला तडा पदवीपूर्व प्रवेशाच्या क्षेत्रात गेला. ए. सी. टी. या परीक्षेत कोणत्या दिवसाचे गुणांक पाठवावयाचे हे परीक्षार्थी ठरवीत असे. प्रतिस्पर्धी एस. ए. टी. परीक्षेनेही २००९ मध्ये तशी मुभा दिली. त्यावर जॉर्जटाउनसारख्या काही विद्यापीठांनी, आम्हांस सर्वच गुणांक हवेत, अशी भूमिका घेतली. निवडीचा अधिकार दिला की तो कोणाकडून काढून घेतला, हा प्रश्न उभा राहतोच, हे त्यावरून दिसून आले. जी. आर. ई.ने २०११ मध्ये २०० ते ८०० ही जुनी श्रेणी सोडून १३० ते १७० ही नवी श्रेणी स्वीकारली व २०१२ च्या जुलैत उपरोक्त मुभा दिली.

या मुभेच्या मर्यादा नीट समजून घेतल्या पाहिजेत. निवडावयाचा असतो तो परीक्षेचा दिवस; विभाग नव्हे. समजा, एका विद्यार्थ्यास पहिल्या वेळी भाषाविभागात १५८ व गणितविभागात १६२, आणि दुसऱ्या वेळी अनुक्रमे १५४ व १६७ गुण मिळाले. पहिल्या दिवसाचे १५८ व दुसऱ्या दिवसाचे १६७ जोडून पाठविता येत नाहीत. बेरीज पाहिली तर ३२० व ३२१, म्हणजे जवळजवळ सारखीच. तथापि भाषाविज्ञानाच्या विभागास पहिला अहवाल व संगणकशास्त्राच्या विभागास दुसरा पाठविणे सयुक्तिक ठरेल. वेगवेगळ्या विद्यापीठांकडे वेगवेगळी निवड पाठविण्यास नियमाची आडकाठी नाही. न पाठविलेल्या प्रयत्नांचा उल्लेखही अहवालात येत नाही.

येथे मापनशास्त्राचा एक मुद्दा उपस्थित होतो. प्रत्येक गुणांकात काही त्रुटी असतेच. त्या त्रुटी परस्परांपासून स्वतंत्र व प्रसामान्य वितरणाच्या असतील, तर दोन प्रयत्नांतील उत्तम गुणांक खऱ्या पात्रतेपेक्षा सरासरीने ०.५६ प्रमाणत्रुटी इतका, व तीन प्रयत्नांतील उत्तम ०.८५ इतका वर जातो. म्हणजे पात्रता तसूभरही न वाढता केवळ निवडीने गुणांक वाढतो. परीक्षा २१ दिवसांच्या अंतराने, बारा महिन्यांत पाच वेळा देता येते, मात्र शुल्क प्रत्येक वेळी भरावे लागते. ज्याला ते परवडते त्यालाच निवडीस वाव मिळतो. निवडीचे स्वातंत्र्य सर्वांस समान असले, तरी निवडण्याजोगे पर्याय समान नसतात.

२०१४ साली मिलर व स्टॅसन यांनी ‘नेचर’ नियतकालिकात या परीक्षेवरील विसंबण्यावर कठोर टीका केली. आणि २०२० च्या महासाथीनंतर अनेक विभागांनी गुणांक ऐच्छिक केले अथवा मागणेच सोडले. आता ‘कोणता पाठवावा’ याच्या जोडीला ‘पाठवावा की नाही’ हाही प्रश्न आला आहे. या प्रश्नाचा आपल्या विद्यार्थ्यांशी निकटचा संबंध आहे. आपल्याकडे साठ टक्क्यांस प्रथम वर्ग मिळतो, हे परदेशी वाचकास ठाऊक असेलच असे नाही. जालना वा सावंतवाडी येथील महाविद्यालयाचे नाव तर त्याने ऐकलेलेही नसते. १९३६ मध्ये जी अडचण होती, ती अशा विद्यार्थ्यापुरती आजही कायम आहे. ज्याच्या संस्थेस नाव आहे त्याला गुणांक वगळणे परवडेल. ज्याच्या संस्थेस नाव नाही त्याने चांगला गुणांक ऐच्छिक म्हणून वगळणे हे आपला एक साक्षीदार घरी बसविण्यासारखे होईल.

तात्पर्य, विद्यार्थ्याने प्रथम त्या त्या विभागाची अट पाहावी. सर्व गुणांक मागितले असतील तर सर्व द्यावेत, कारण तेथे निवड हा सत्यापलाप ठरतो. अट नसेल तर विषयास अनुरूप असा दिवस निवडावा, आणि त्या गुणांकास आपल्या पात्रतेचे अंतिम माप समजू नये. प्राध्यापकांनीही शिफारसपत्रात आपल्या महाविद्यालयाचा व गुणदानपद्धतीचा परिचय करून द्यावा. नोंदीचा अधिकार विद्यार्थ्याच्या हाती आला असला, तरी ती वाचणाऱ्यास तिचा अर्थ सांगण्याची जबाबदारी आपणा शिक्षकांकडे उरतेच.