इमारतींतील आगीच्या सदृशीकरणातील संख्यात्मक अस्थिरता

इमारतीतील आगीचे संगणकीय सदृशीकरण, म्हणजेच सिम्युलेशन, करताना गणनेतील लहान त्रुटी टप्प्याटप्प्याने वाढत जाऊन उत्तर निरर्थक होते. या दोषास संख्यात्मक अस्थिरता असे म्हणतात. जिन्यांची रचना, धूर बाहेर काढण्याची व्यवस्था आणि सुटकेसाठी मिळणारा वेळ ठरवताना अशा गणनांचा आधार घेतला जातो. त्यामुळे हा दोष ओळखणे जीवरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

== कारणे ==
सदृशीकरणात खोलीची जागा घनाकृती कप्प्यांत आणि काळ छोट्या टप्प्यांत विभागतात. कूरांट, फ्रीड्रिख्स व लेवी यांनी १९२८ मध्ये मांडलेल्या अटीवरून असा नियम निघतो की, आधीच्या टप्प्यावरून थेट पुढचा टप्पा काढणाऱ्या पद्धतींत प्रवाहाने एका टप्प्यात साधारणतः एका कप्प्याहून अधिक अंतर कापू नये. कप्पा १० सेंमी. आणि गरम वायूचा वेग सेकंदाला ५ मी. असल्यास कालटप्पा सुमारे ०.०२ सेकंदाच्या आत ठेवावा लागतो. ज्वालेजवळ घनता एकाएकी बदलते आणि पूर्ण बंद खोलीत दाब वेगाने चढतो. अशा ठिकाणी अस्थिरतेचा धोका अधिक असतो.

== उपाय ==
अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००० मध्ये प्रसिद्ध केलेली 'फायर डायनॅमिक्स सिम्युलेटर' ही प्रणाली कालटप्पा आपोआप घटवते आणि तो अतिसूक्ष्म झाल्यास गणना थांबवते. कप्प्याची बाजू निम्मी केल्यास कप्पे आठपट व टप्पे दुप्पट होऊन काम सुमारे सोळापट वाढते. बंद खोलीच्या दारांच्या फटी गणनेत धरल्यास दाब वास्तवाजवळ राहतो.

या क्षेत्रात मराठी अभियंते सुहास पाटणकर यांचे कार्य पायाभूत मानले जाते. त्यांनी ब्रायन स्पाल्डिंग यांच्यासह १९७२ मध्ये दाब व वेग यांची सांगड घालणारी 'सिंपल' पद्धत मांडली. तीत प्रत्येक फेरीत निघालेल्या बदलाचा काही अंशच स्वीकारून गणना आटोक्यात ठेवतात.

== मर्यादा ==
स्थिर उत्तर अचूक असतेच असे नाही. गणना स्थिर ठेवणाऱ्या काही पद्धती धुराच्या थराची सीमा पुसट करतात. याउलट, अनपेक्षित उत्तर चुकीचेच असते असेही नाही. लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकात १८ नोव्हेंबर १९८७ रोजी लागलेल्या आगीत ३१ जणांचा मृत्यू झाला. नंतरच्या सदृशीकरणात ज्वाला सरळ वर न उठता सरकत्या जिन्याच्या उताराला चिकटून पसरताना दिसल्या. या निष्कर्षाविषयी प्रथम शंका घेण्यात आली. परंतु जिन्याच्या लहान प्रतिकृतीवरील प्रयोगांनी तो खरा ठरवला.