उघडता येणारा राउटर : एका पेटीचा वीस वर्षांचा इतिहास

कालव्याला पाणी सुटले की पाटकऱ्याला किती महत्त्व येते, हे पाटाकाठच्या मंडळींना सांगायला नको. पाळी कोणाची आधी, कोणत्या चारीला किती वेळ पाणी, हे सारे त्याच्या हाती. इंटरनेटच्या जाळ्यातही असाच एक पाटकरी असतो. त्याचे नाव राउटर. बाहेरून तारेने आलेला मजकूर, आवाज, चित्रे ही लहान लहान तुकड्यांनी येतात. कोणता तुकडा कोणाच्या फोनकडे जायचा आणि कोणता शाळेच्या संगणकाकडे, हे ही पेटी ठरवते आणि बहुधा बिनतारी लहरींवरून तो पोचता करते. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कचेरीत भिंतीवर लावलेली, बारीक दिवे लुकलुकणारी ही पेटी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल.

दिसायला ती पेटी. पण आत असतो एक लहानसा संगणक. तो कसा वागेल हे त्याच्यात भरून ठेवलेली आज्ञावली ठरवते. आता प्रश्न असा, की रोख पैसे मोजून पेटी आपण घरी आणली, तर ह्या पाटकऱ्याला हुकूम कोणी द्यायचा? विकत घेणाऱ्याने, की तयार करणाऱ्या कंपनीने? प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर वीस वर्षे झगडा चालला आहे.

डिसेंबर २००२ मध्ये अमेरिकेतील लिंकसिस कंपनीने एक राउटर बाजारात आणला. निळा-काळा रंग, मागे शिंगांसारख्या दोन अँटेना. नाव मात्र गाडीच्या नंबरासारखे : डब्ल्यूआरटी ५४ जी. आत काम करण्यापुरती १६ मेगाबाइट स्मृती आणि आज्ञावली साठवायला अवघी ४ मेगाबाइट जागा. आजच्या मोबाइलमधला एखादा फोटोसुद्धा तेवढी जागा खातो. पुढच्याच वर्षी सिस्को ह्या बड्या कंपनीने सुमारे ५० कोटी डॉलर मोजून लिंकसिस विकत घेतली.

त्याच वर्षी, म्हणजे २००३ मध्ये, काही जिज्ञासू लोकांच्या लक्षात आले की ह्या पेटीतील आज्ञावली कंपनीची एकटीची नाही. आत लिनक्स आहे. लिनक्सचा आरंभ १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉर्व्हल्ड्स ह्या विद्यार्थ्याने केला आणि पुढे असंख्य लोकांनी ती वाढवली. ती ज्या परवान्याखाली मिळते, तो रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. त्याची मुख्य अट शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. बियाणे फुकट घ्या, पेरा, पीक विकून पैसेही मिळवा. मात्र तुमच्याकडून घेणाऱ्यालाही तेच बियाणे, तुम्ही त्यात केलेल्या सुधारणेसकट, मिळाले पाहिजे. आम्ही इतिहासाचे मास्तर वर्गात तह आणि सनदा शिकवतो. मला हा परवाना सनदेसारखाच वाटतो. फरक एवढाच, की सनद राजा देत असे आणि ही दिली ती कोणतीही सत्ता हाती नसलेल्या माणसांनी.

लोकांनी मागणी लावून धरली. अखेर कंपनीने आज्ञावलीचा मूळ मसुदा, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो २००३ मध्येच खुला केला. अर्थात सगळा नाही. बिनतारी लहरी हाताळणारा तुकडा दुसऱ्या कारखान्याच्या चिपचा होता, तो बंदच राहिला. ही गोष्ट ध्यानात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

ह्या मसुद्याच्या आधारे जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा उपक्रम सुरू झाला. निरनिराळ्या देशांतले हौशी आणि जाणते लोक एकत्र येऊन राउटरसाठी स्वतःची आज्ञावली लिहू लागले. नावात त्या जुन्या पेटीचे नाव तसेच राहिले. त्याच वर्षी जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने साइटकॉम ह्या राउटर विकणाऱ्या कंपनीला, परवान्याची अट पाळल्याशिवाय ती आज्ञावली वाटता येणार नाही, असा मनाई हुकूम दिला. अट नुसती कागदावरची नाही, हे तेव्हा सर्वांना कळले.

तरी ह्या मंडळींची स्थिती दुसऱ्याच्या वाड्यात राहणाऱ्या भाडेकऱ्यासारखी होती. मालकाने भिंत सरकवली की ह्यांनी सामान आवरायचे. २००५ च्या सुमारास लिंकसिसने त्या लोकप्रिय पेटीतून लिनक्स काढले, स्मृतीही निम्मी केली. ओरड झाली तेव्हा जुन्या बनावटीची पेटी नावापुढे 'एल' लावून वेगळी विकायला ठेवली. पुढे सरकारी नियमांचा अडसर आला. काही राउटरांच्या लहरी विमानतळांजवळच्या हवामान रडारांना अडथळा करतात, ही तक्रार खरी होती. परंतु त्यावरच्या उपायांत अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने जी भाषा वापरली, तिच्यामुळे कंपन्या पेटीच कुलूपबंद करतील असे भय निर्माण झाले. २०१५ मध्ये इंटरनेटच्या जनकांपैकी एक व्हिंट सर्फ आणि इतर अडीचशेहून अधिक तज्ज्ञांनी आयोगाला पत्र लिहून विरोध नोंदवला. २०१६ मध्ये टीपी-लिंक कंपनीला आयोगाने २ लाख डॉलर भरायला लावले, पण त्याच तडजोडीत बाहेरच्या आज्ञावली चालू शकतील असा मार्ग काढण्याचेही कबूल करून घेतले. मधल्या काळात ह्या मंडळींत आपापसात फूट पडली, २०१८ मध्ये ती मिटली. चारचौघे एकत्र आले की हे चालायचेच.

वीस वर्षे भाड्याच्या वाड्यात काढल्यावर स्वतःचे घर बांधावे असे वाटले तर नवल नाही. जानेवारी २०२४ मध्ये जॉन क्रिस्पिन ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांपुढे प्रस्ताव ठेवला : आपला स्वतःचा बोर्ड करू. त्याचे नाव ओपनडब्ल्यूआरटी वन. मुख्य चिप तैवानच्या मीडियाटेकची, बांधणी चीनमधल्या बनाना पायची. प्रस्ताव उघड चर्चेला टाकला, आणि मग काय, ज्याची त्याची मागणी! तारा जोडायला दोनच जागा का? अधिक वेगाचा यूएसबी का नाही? ह्याचे उत्तर मला फार आवडले. निवडलेल्या चिपमध्ये वेगवान मार्ग एकच; तो यूएसबीला द्या किंवा जास्तीची साठवण जोडण्याच्या खाचेला द्या. मंडळींनी साठवण निवडली आणि साधा यूएसबी ठेवला. उणेपण झाकले नाही, कारण सांगितले. दुकानातल्या खोक्यावर असे कारण छापलेले मी तरी कधी पाहिलेले नाही.

पण खरी खुबी दुसरीच आहे. स्वतः आज्ञावली बदलणाऱ्याला सर्वांत मोठी भीती कशाची, तर एक चूक झाली की यंत्र मरते. ह्या लोकांच्या बोलीत त्याला 'वीट झाली' म्हणतात. म्हणून ह्या बोर्डावर आज्ञावली दोन वेगळ्या चिपांत ठेवली. रोजचे काम मोठ्या चिपवरून चालते. लहान चिपमध्ये यंत्राला उठवण्यापुरत्या आज्ञा असतात आणि तिच्यावर सहजासहजी काही लिहिता येत नाही. रोजची बिघडली तर बाजूचा खटका फिरवायचा, यूएसबीवरून नवी प्रत भरायची आणि पुन्हा कामाला लागायचे. ज्याला शिकायचे आहे त्याला चुकण्याची मोकळीक हवी, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. शिवाय तापमान किंवा हवेतील ओल मोजणारी छोटी साधने बसवायला बोर्डावर खोबण आहे. मंडळाच्या नकाशाची प्रतही सर्वांना खुली आहे. जुन्या रेडिओच्या खोक्यात आतून असा नकाशा चिकटवलेला असे, ते वडीलधाऱ्या श्रोत्यांना आठवेल.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बोर्ड विक्रीला आला, पेटीसह ८९ डॉलरला. त्यातले १० डॉलर ह्या उपक्रमाच्या कामासाठी जातात. आणि तो बिनतारी तुकडा? यंत्राच्या मुख्य आज्ञावलीतला लहरींचा भाग आता खुला आहे; परंतु खुद्द चिपच्या पोटात जी छोटी आज्ञावली भरावी लागते, ती अजून कारखान्यातून बंद पुडीतच येते.